घाईचे कौतुक कशासाठी?

व्हिडिओ गेम हा महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्यातून तो एका मुलीने निवडावा याचे आमच्या वर्गात बरेच आश्चर्य झाले. पण नाटकावर लेख येतात, चित्रपटांवर येतात. मग ज्यात कथा असते, चित्रे असतात, संगीत असते आणि पुष्कळ माणसांचे कष्ट असतात, त्या खेळाने काय घोडे मारले आहे? असो. खेळ चांगले की वाईट हा वाद मला इथे घालायचा नाही. फार थोड्या वेळात तयार झालेल्या उत्तम खेळांचे जे कौतुक चालते, त्याविषयी माझे थोडे वेगळे मत आहे, तेवढे मांडते.

या खेळांच्या शौकिनांत एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. अमका खेळ एका वर्षात केला, तमका दीड वर्षात केला, आणि तरीही पाच-पाच वर्षे खपून केलेल्या खेळांपेक्षा तो सरस ठरला! यावरून निष्कर्ष काढला जातो तो असा, की वेळ कमी असला म्हणजे माणसाची प्रतिभा उसळून येते. हा निष्कर्ष मला पटत नाही. शिवाय तो कोणाच्या सोयीचा आहे, हेही पाहिले पाहिजे.

या बाबतीत नेहमी दिले जाणारे उदाहरण निन्टेन्डो या जपानी कंपनीचे आहे. 'द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम' हा तिचा गाजलेला खेळ नोव्हेंबर १९९८ मध्ये आला. त्यातलीच भुयारे आणि मंदिरे फिरवून नवी आवृत्ती काढण्याचे काम एइजी आओनुमा यांच्याकडे आले. त्यांना ते रुचेना. तेव्हा त्यांचे वरिष्ठ शिगेरू मियामोतो यांनी अट घातली, की नवा खेळ करायचा तर तो एका वर्षात करून दाखवा. जोडीला योशिआकी कोइझुमी आले. त्यांच्या डोक्यात चोर-शिपायाचा, ठरावीक दिवस पुन:पुन्हा जगण्याचा एक वेगळाच खेळ घोळत होता. या दोघांच्या खटपटीतून २००० सालच्या एप्रिलमध्ये 'मजोराज मास्क' जपानात बाहेर पडला.

मी हा खेळ एका मैत्रिणीच्या घरी सुट्टीत खेळले. एका गावावर चंद्र कोसळणार आहे आणि त्याला तीनच दिवस उरले आहेत. खेळातले हे तीन दिवस आपल्या घड्याळात तासाभराच्या आतच संपतात. मग नायक एक धून वाजवून पुन्हा पहिल्या दिवसाच्या सकाळी जातो. गावातला प्रत्येक माणूस त्या तीन दिवसांत आपापल्या वेळापत्रकाप्रमाणे वागत असतो. त्यातला पोस्टमन माझ्या मनातून जात नाही. आकाशात चंद्र डोक्यावर आलेला, गाव ओस पडत चाललेले, आणि हा बिचारा पळून जावेसे वाटत असूनही पळत नाही. कारण त्याच्या वेळापत्रकात पळण्याची नोंद नाही! वरून हुकूम मिळाला तरच तो गाव सोडतो. एवढ्या लहानशा पात्रात नोकरी करणाऱ्या माणसाचे सगळे दु:ख आले आहे, असे मला वाटते.

आता हे एका वर्षाच्या आसपास कसे जमले? अगोदरच्या खेळाचे सगळे यंत्र तयार होते. माणसाने चालायचे कसे, तलवार फिरवायची कशी, घोड्यावर बसायचे कसे, हे आधीच्या खेळासाठी बसवून झाले होते. इतकेच नव्हे, तर त्या खेळातली माणसेच्या माणसे उचलून इथे आणली आणि त्यांना नवी नावे, नवी आयुष्ये दिली. मोठी मंदिरे चारच ठेवली. तेच तीन दिवस पुन्हा यायचे असल्याने गावही फार मोठे करावे लागले नाही. टंचाईतून युक्ती निघाली, हे मी नाकारत नाही. भरपूर वेळ असता तर कदाचित तो पोस्टमन जन्मालाही आला नसता. पण त्या युक्तीच्या पायाखाली काही वर्षांच्या कामाचा साठा होता. कौतुक करताना आपण नेमका तो साठा मोजायचा विसरतो.

माझे वडील सेंट्रिंगच्या कामावर जातात. स्लॅब भरण्याचा दिवस आला की घरमालक पेढे वाटतो, पाहुण्यांना सांगतो, 'एका दिवसात स्लॅब पडला!' तो एका दिवसातच पडतो. मात्र त्याआधी टेकू लावणे, फळ्या ठोकणे, सळया बांधणे यांत किती दिवस गेले, आणि नंतर किती दिवस पाणी मारावे लागले, हे त्या पेढ्यांत येत नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. 'फॉलआउट : न्यू व्हेगास' हा खेळ ऑब्सिडियन या कंपनीने साधारण अठरा महिन्यांत केला, तो ऑक्टोबर २०१० मध्ये आला. अणुयुद्धानंतरच्या वाळवंटात कोणाचे राज्य यावे, हे त्यात खेळणाऱ्याला ठरवावे लागते, आणि कोणताही पक्ष धुतल्या तांदळासारखा नसतो. आम्हां राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य पाहावा. पण इथेही तेच. २००८ च्या 'फॉलआउट ३' चे यंत्र आणि सामान हाताशी होते. शिवाय ऑब्सिडियनमधल्या काही मंडळींनी पूर्वी दुसऱ्या कंपनीत असताना याच मालिकेतला एक खेळ रचायला घेतला होता, तो २००३ मध्ये अर्धवटच बंद पडला. त्यात योजलेले हूव्हर धरण आणि सीझरचे सैन्य पुढे 'न्यू व्हेगास'मध्ये उतरले. म्हणजे अठरा महिन्यांचे म्हणून जे मोजले जाते, त्यातले काही बियाणे सात-आठ वर्षे कोठारात पडून होते.

आणि घाईची किंमत चुकली नाहीच. खेळ बाजारात आला तेव्हा तो मधेच अडकून पडे, बंद पडे. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणारे मेटाक्रिटिक नावाचे संकेतस्थळ आहे. तिथे ८५ गुण मिळाले तर ऑब्सिडियनला वाढीव मोबदला मिळायचा होता. गुण पडले ८४. हे त्या खेळाचे एक रचनाकार ख्रिस ॲव्हेलोन यांनीच २०१२ मध्ये जाहीर केले. एका गुणाने क्लास हुकलेल्यांना यावर अधिक सांगायला नको.

आता ज्याचे नाव कौतुकाच्या यादीत कधीच येत नाही, असा खेळ घ्या. १९८२ साली 'ई. टी.' या चित्रपटावरून अटारी कंपनीने खेळ काढला. नाताळच्या बाजारासाठी तो सप्टेंबरच्या सुरुवातीला तयार हवा होता. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या एकट्या माणसाला त्यासाठी सुमारे पाच आठवडे मिळाले. हा माणूस नवशिका नव्हता. 'यार्स रिव्हेंज' हा त्याचा खेळ लोकांनी डोक्यावर घेतला होता. प्रतिभा होती, अनुभव होता. पण केलेले काम चार जणांना खेळायला देऊन, त्यांचे कुठे अडते ते बघून सुधारण्याइतके दिवस नव्हते. खेळणारा सारखा खड्ड्यात पडे आणि वैतागे. न खपलेल्या प्रती १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराडेपोत पुरल्या गेल्या, आणि २०१४ मध्ये त्या उकरूनही काढण्यात आल्या. वॉर्शॉ पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाले! घाईने प्रतिभा उसळते, तर ती इथे कुठे गेली होती? पाच आठवड्यांची मुदत कबूल करणारे साहेब मात्र कोणाच्या ध्यानात राहिले नाहीत. नाव बद्दू झाले ते करणाऱ्याचे.

म्हणून मला हे कौतुक ऐकले की भीती वाटते. जो दुसऱ्याला वेळ देत नाही, त्याच्या हातात ते आयते शस्त्र होते. 'बघा, त्यांनी एका वर्षात केले, तुम्हांला का जमत नाही?' पण 'त्यांच्याजवळ आधीचे काय होते?' हे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न आपल्या महाविद्यालयातही कोणी विचारत नाही. यंदा निबंधस्पर्धेचा विषय आदल्या दिवशी फलकावर लागला. ज्यांना बक्षिसे मिळाली त्यांनी एका रात्रीत लिहिले, याचे बक्षीस समारंभात विशेष कौतुक झाले. त्यांचे निबंध खरोखर चांगले होते, मी वाचले आहेत. पण ज्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, जेवताना वर्तमानपत्रातल्या अग्रलेखावर बोलणे होते, आई किंवा वडील मसुद्यावर नजर फिरवतात, तिथे ती एक रात्र एकटी नसते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. माझ्या रात्रीमागे असा साठा नाही. तो मला अजून जमवायचा आहे, आणि त्याला दिवस लागतात. माझ्यासारख्या आणखी कितीतरी मुली-मुलगे वर्गात आहेत.

तेव्हा प्राध्यापक महोदयांना एक विनंती. पुढच्या वर्षी निबंधाचा विषय निदान तीन आठवडे आधी फलकावर लावावा. त्या विषयावरची दहा-बारा पुस्तके ग्रंथालयात एका टेबलावर वेगळी काढून ठेवावीत, आणि ज्यांना अडीचची एस. टी. गाठावी लागते त्यांना त्यांतले एखादे रात्रीपुरते घरी नेऊ द्यावे.