नाचता येईना, टॉवर वाकडा

फोन कट झाला की आपण टॉवरच्या नावाने शंख करतो. माझा मामा तर गच्चीच्या कठड्याला ‘रेंजचा कोपरा’च म्हणतो आणि तिथे उभा राहून सरकारपासून सिमकार्डवाल्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करतो. हातातल्या पन्नास हजारांच्या फोनला मात्र चकार शब्द नाही. मी पोटासाठी फोनच्या अँटेना बनवतो. म्हणून घरभेदीपणा पत्करून सांगतो: मामा, अर्धा गुन्हेगार तुझ्या मुठीत आहे.

धातूच्या कडेचा फोन असेल तर कव्हर काढून बघा. कडेवर प्लॅस्टिकच्या बारीक रेघा दिसतील. ती नक्षी नव्हे. धातूच्या बंद डब्यातून रेडिओलहरी बाहेर पडत नाहीत, म्हणून कडेचे तुकडे पाडून त्यांच्याच अँटेना करतात. या एकेका रेघेसाठी आम्ही भांडलेलो असतो. ‘ही मिटवता नाही का येणार? फोटोत दिसते,’ असं मला भर मीटिंगमध्ये विचारलं गेलंय. कॅमेऱ्यासाठी फोनला टेंगूळ चालतं, बॅटरीला मधला चौक मिळतो, अँटेनाला वळचण. आणि वस्तूचं नाव काय, तर फोन!

निसर्ग मात्र मार्केटिंगवाल्यांना भीक घालत नाही. 900 मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी 33 सेंटिमीटर. तिचा पाव भाग, म्हणजे 8 सेंटिमीटर, अँटेनाला लागतो; 700 मेगाहर्ट्‌झला जवळपास 11. फोनची रुंदी जेमतेम साडेसात. खेड्यापाड्यांत आणि भिंतींआड पोचतात त्या नेमक्या याच लांब लहरी. अँटेना आखूड केली की बँडविड्थ किंवा कार्यक्षमता, एकीवर पाणी सोडावं लागतं, हे चू नावाच्या अभियंत्याने 1948 सालीच गणिताने मांडलंय. त्यात माणसाचा हात म्हणजे खाऱ्या पाण्याची पिशवी. तो लहरी गिळतो, वर अँटेनाचा सूरही उतरवतो. 10 डेसिबलचा फटका बसला की दहातले नऊ भाग गेले.

2010चा आयफोन 4 आठवा. बाहेरची स्टीलची पट्टी हीच अँटेना, दिसायला देखणी. डाव्या बाजूला खाली असलेल्या फटीवर तळहात टेकला की सिग्नल ढेपाळायचा. स्टीव्ह जॉब्ज यांचं पहिलं उत्तर काय, तर तसा धरू नका! पुढे फुकट कव्हरं वाटावी लागली. शिवाय पडद्यावर सिग्नलच्या दांड्या दाखवण्याचं आपलं सूत्रच चुकीचं होतं, कधीकधी दोन दांड्या जास्त दिसत होत्या, अशी कबुलीही अॅपलने दिली. दांडी म्हणजे नेमकं किती, हे आजही ज्याचं तो ठरवतो. दुधात पाणी घालणाऱ्याकडेच लॅक्टोमीटर!

खोक्यावर मेगापिक्सेल ठळक छापतात. डोक्यात किती ऊर्जा मुरते याला आपल्याकडे 2012पासून किलोला 1.6 वॅटची मर्यादा आहे, तो आकडाही मिळतो. पण टॉवरपर्यंत किती पोचतं आणि टॉवरचं किती ऐकू येतं? त्यावर मिठाची गुळणी. मोजता येत नाही म्हणून नव्हे. प्रतिध्वनीविरहित खोलीत, नकली डोकं आणि नकली हात लावून, आम्ही हेच तर मोजत असतो. डेन्मार्कच्या ऑल्बोर्ग विद्यापीठाने 2016 साली बाजारातले फोन असे मोजून आकडे चव्हाट्यावर मांडले. डाव्या हातात एक, उजव्या हातात दुसराच, असेही नग त्यात निघाले.

ते आकडे खोक्यावर छापायची सक्ती करा. मग बघा, अँटेनाला जागा कशी सापडते ती. विकत घेणाऱ्याने विचारल्याशिवाय आमच्या मीटिंगमध्ये काही हलत नाही.

तोवर मामा, कठड्यावर उभा राहून एकदा हात बदलून बघ. तरीही नाही लागला, तर घाल टॉवरला शिव्या. पण निम्म्याच.