ग्रंथपालाविना ग्रंथालय

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ग्रंथप्रेम हा आपल्या व्याख्यानांचा नित्याचा विषय आहे. दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृह त्यांनी ग्रंथांसाठी बांधले, आणि 1917 साली त्यांचे सामान घेऊन येणारे जहाज बुडाले तेव्हा कष्टाने जमविलेले ग्रंथही समुद्रात गेले, हे आपल्या मुलांना तोंडपाठ असते. मात्र त्याच बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देणाऱ्या सयाजीराव गायकवाडांनी ग्रंथांच्या बाबतीत आणखी काय केले, याचे स्मरण क्वचितच होते. 1910 साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले, संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले आणि लगेचच ग्रंथालयाचे काम शिकविणारा वर्गही सुरू केला. पेट्यांत भरून पुस्तके खेडोपाडी पाठविली जाऊ लागली. पुस्तके विकत घेणे हे एक काम आणि ती वाचकापर्यंत नेणारा माणूस घडविणे हे दुसरे काम, हा भेद त्या राजाने शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता.

आपण बहुधा पहिल्याच कामापाशी थांबलो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील ग्रंथ असावेत, असे म्हटले आहे. ते चालविणाऱ्या ग्रंथपालाचा तेथे उल्लेख नाही. मोठ्या माध्यमिक शाळांना विद्यार्थीसंख्येनुसार ग्रंथपालाचे पद मिळते. लहान शाळांत हे काम एखाद्या शिक्षकाच्या तासिकांवर अधिकचे म्हणून येऊन पडते. पुस्तक हरवले तर भरपाई कोणी करावयाची, या धास्तीने कपाटाला कुलूप लागते. पुस्तके सुरक्षित राहतात, आणि न वाचलेलीही राहतात. डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हा त्यांतील पहिलाच. कुलूपबंद कपाट त्या पहिल्या पायरीवरच अडते.

निवासी शाळेत या उणिवेची किंमत अधिक मोठी असते. मारुंजीच्या शेजारीच हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे. जगभरच्या कंपन्यांची माहिती तेथे रात्रंदिवस हाताळली जाते. तेथून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या वसतिगृहातील मुलाचे काय? घरून ये-जा करणारे मूल संध्याकाळी एखाद्या सार्वजनिक वाचनालयात जाऊ शकते, शेजाऱ्याकडचे पुस्तक मागू शकते. निवासी मुलाचे सारे वाचन आवाराच्या कुंपणात घडते. ज्यांच्या घरात वाचणारी ही पहिलीच पिढी आहे, त्यांना पुस्तकाची ओळख करून देणारे दुसरे कोणी नसते. म्हणून अशा शाळेचे ग्रंथालय शाळा सुटल्यावर, संध्याकाळी आणि रविवारी उघडे असले पाहिजे. तासिका आटोपून थकलेल्या शिक्षकाकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

आता सर्व काही मोबाईलवर मिळते, मग ग्रंथपाल कशाला, असा प्रश्न विचारला जातो. उत्तर मोबाईलमध्येच आहे. भगवान बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या नावावर त्यांनी कधीही न उच्चारलेली वाक्ये रोज फिरत असतात. जयंतीच्या फलकांवर आणि मुलांच्या भाषणांतही ती उतरतात. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तर नसलेले संदर्भही मोठ्या आत्मविश्वासाने देतात. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासन 1979 पासून प्रकाशित करीत आहे. ऐकलेले वाक्य त्या खंडांत शोधावयाचे कसे, सूची कशी पाहावयाची, पृष्ठ नसलेला संदर्भ का स्वीकारू नये, हे मुलांना शिकविणे हे आजच्या ग्रंथपालाचे मुख्य काम आहे. केवळ परंपरेने आले किंवा कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मान्य करू नका, हा कालाम सुत्ताचा उपदेश वाचनकक्षात प्रत्यक्ष आचरता येतो.

यासाठी प्रशिक्षण हवे, आणि ते एकदाच घेऊन भागणार नाही. ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणाचेच उदाहरण घ्या. धर्म या विभागातील 220 ते 280 पर्यंतचे वर्ग बायबल आणि ख्रिस्ती धर्माला दिलेले आहेत. बौद्ध धम्माच्या वाट्याला 294.3 एवढीच जागा येते. धम्मग्रंथांचा मोठा संग्रह असलेल्या शाळेत सारी कपाटे एकाच क्रमांकाची होतील. त्याचे पोटविभाग कसे पाडावेत, मुलांना समजेल अशी मांडणी कशी करावी, हे शिकलेला माणूसच ठरवू शकतो. संगणकीकरणाचेही तसेच. कोहासारखी प्रणाली मोफत मिळते. नोंदी अचूक करणारा हात मोफत मिळत नाही.

खर्चाची अडचण खरी आहे, पण तिला वाट आहे. जवळपासच्या दोन-तीन संस्थांनी मिळून एक प्रशिक्षित ग्रंथपाल नेमावा. कार्यरत शिक्षकांपैकी इच्छुकास ग्रंथालय संचालनालयाच्या प्रमाणपत्र परीक्षेस बसवावे किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊ द्यावी, शुल्क संस्थेने भरावे आणि तासिका कमी कराव्यात. वर्षातून काही दिवस उजळणीसाठी राखून ठेवावेत. स्वतः रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक होते. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाल्यानंतर ते हे शास्त्र शिकण्यासाठी लंडनला गेले. आपल्या शिक्षकांतूनही असे ग्रंथपाल घडू शकतात, मात्र संस्थेने त्यांना शिकू दिले पाहिजे.

12 ऑगस्ट हा रंगनाथन यांच्या स्मरणार्थ ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी प्रतिमेस हार घालण्याबरोबर संस्थाचालकांनी आपल्या ग्रंथालयाची नोंदवही उघडून पाहावी आणि गेल्या महिन्यात किती मुलांनी पुस्तक घरी, म्हणजे आपल्या खाटेपाशी, नेले एवढेच मोजावे. नव्या कपाटाच्या देणगीचा विचार त्यानंतर करावा.