मोरो लोक आणि जमिनीचा कायदा

फिलिपाइन्स बेटांतील मुसलमानांच्या तंट्याची बातमी आली कीं, धर्मवेडाचें आणखी एक उदाहरण म्हणून आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थ पान उलटतात. या देशांत ख्रिस्ती लोकांचें प्रचंड बहुमत असून मुसलमान शेंकडा सहासात भरतात. तेव्हां ही समजूत होणें साहजिक आहे. परंतु ती खरी नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे. या भांडणाचें मूळ शोधूं इच्छिणारानें मशीद व चर्च यांकडे वळण्यापूर्वीं जमिनीचें दप्तर उघडावें.

तेथें इस्लाम हा स्पॅनिशांच्या अगोदरचा. दक्षिणेस सुलूची सुलतानी पंधराव्या शतकांत स्थापन झाली. आणि १५७१ सालीं लेगास्पीनें मनिला घेतली, तेव्हां तेथील राजा सुलैमान हाही मुसलमानच होता. स्वदेशांत मूर लोकांशीं झगडून आलेल्या स्पॅनिशांनीं यांसही 'मोरो' हेंच नांव दिलें. तीन शतकें लढूनही सुलू व मिंदानाव येथें त्यांचा अंमल पुरता बसला नाहीं. तथापि १८९८ च्या पॅरिसच्या तहांत इतर बेटांबरोबर हाही मुलूख त्यांनीं दोन कोटि डॉलर घेऊन अमेरिकेच्या पदरांत टाकला! ज्याचा ताबा नाहीं त्याचें असलें खरेदीखत घेऊन आमच्याकडे कोणी पक्षकार आला असता, तर आम्हीं त्यास तें परत घरीं नेण्याचाच सल्ला दिला असता.

अमेरिकेनें १८९९ त सुलूच्या सुलतानाशीं करार केला व १९०४ त स्वतःच मोडला. १९०६ त बुद दाजोच्या डोंगरावर बायकामुलांसह शेंकडों मोरो मारले गेले. पण त्याहून खोल जखम कायद्यानें केली. १९१९ च्या कायद्यान्वयें सरकारी जमीन ख्रिस्ती माणसास २४ हेक्टरपर्यंत मिळे, ख्रिस्तेतरास अवघी १०. १९३६ त हें प्रमाण १६ व ४ असें झालें. उत्तरेकडील वसाहतवाले सरकारी मदतीनें येत गेले, आणि पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट असून ज्यांच्यापाशीं कागद नव्हता ते आपल्याच गांवीं उपरे ठरले. १९४६ त स्वराज्य आलें. वसाहतीचें धोरण मात्र तसेंच चाललें. परकी सत्तेनें पाडलेली वाट स्वकीयांनीं चालावी, ही गोष्ट आम्हां राष्ट्रवाद्यांस विशेष झोंबावी अशी आहे.

पुढें १९७२ पासून उघड युद्ध झालें व लाखावर माणसें मेलीं. १९७६ त त्रिपोलीस स्वायत्ततेचें वचन मिळालें, तें मार्कोसनें आपल्या सोयीनें पाळलें. अखेर २०१४ चा करार, २०१८ चा कायदा व २०१९ चें लोकमत यांतून 'बांगसामोरो' हा स्वायत्त प्रांत झाला. त्यांत सुलूनें विरुद्ध मत दिलें असतांही त्यास आंत ओढलें गेलें. २०२४ त सर्वोच्च न्यायालयानें त्यास बाहेर काढलें, तें आम्हांस योग्यच वाटतें. परंतु प्रांताच्या विधिमंडळाची जी पहिली निवडणूक २०२२ त व्हावयाची, ती २०२५ वर ढकलली गेली व त्याही सालीं झाली नाहीं. तोंपर्यंत कारभार मनिलानें नेमलेल्या मंडळींच्या हातीं राहिला. आणि जमिनीचे जुने दावे ज्यांचे आहेत, त्यांस आपला प्रतिनिधि स्वतः निवडण्याचा प्रसंग त्या सात वर्षांत एकदांही आला नाहीं.