जिवाणूंच्या जेवणाची चौकशी

जिवाणू साखर कशी खातो, यावर सरकारने पैसा का घालवावा? अशा संशोधनाला हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो अगदीच घाईचा आहे.

जीवशास्त्रज्ञ जाक मोनो १९४०च्या सुमारास पॅरिसमध्ये जिवाणूंना एकाच वेळी दोन साखरा देत होते. जिवाणू आधी ग्लुकोज संपवत, मग वाढ काही काळ थांबे, आणि नंतरच ते दुसऱ्या साखरेकडे वळत. मधल्या त्या खंडाचं कारण त्यांना छळत राहिलं.

१९६१मध्ये त्यांनी आणि फ्रान्स्वा जाकोब यांनी खुलासा केला. दुसरी साखर लॅक्टोज असेल, तर ती पचवणारी जनुकं एरवी अडसर लावून बंद असतात. लॅक्टोज आत आलं, की त्याचंच एक रूप तो अडसर काढतं. नको ती विकरं बनवण्यात जिवाणू शक्ती दवडत नाही. १९६५मध्ये आंद्रे ल्वॉफ यांच्यासह दोघांना नोबेल मिळालं. अडसर प्रथिनाचा असल्याचं मात्र १९६६मध्ये कळलं.

१९७८मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेताना शास्त्रज्ञांनी हीच लॅक्टोजची यंत्रणा वापरली. १९४०मध्ये मोनोंकडे ‘उपयोग’ मागितला असता, तर अर्जात इन्सुलिनचं नाव त्यांनी कुठून लिहिलं असतं?