दमा फक्त गुटगुटीत मुलांचा नाही



‘दमा हा शहरी, गुटगुटीत मुलांचा आजार’ हे आपल्या अंकातले मत एकांगी आहे. पहिल्या दोन वर्षांत वजन झपाट्याने वाढलेल्या बाळांत छातीची घरघर जास्त आढळते, एवढे मान्य. पण विसरवाडीच्या पाड्यांवर हडकुळ्या मुलांनाही धाप लागते. काजळी धरलेल्या घरात, चुलीपुढे आईच्या मांडीवर बसून ती धूर ओढतात. घरोघरी गॅस देणारी उज्ज्वला योजना २०१६ची, पण सिलिंडर संपले की पुन्हा लाकडेच.

आणि दम्याच्या पंपाने (इनहेलरने) मूल फुगते ही भीती तर घातकच! पंपातले औषध मायक्रोग्रॅममध्ये, थेट श्वासनलिकेत जाते. वजन वाढवतात त्या वारंवार दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या. पंप बंद केला की त्याच गोळ्यांची पाळी येते.

खुलासा छापावा.

— एक वाचक, विसरवाडी (ता. नवापूर, जि. नंदुरबार)