एक भिंत, दोन घरे

मृग जवळ आला की नाशिक महानगरपालिका जुन्या गावठाणातील मोडकळीस आलेल्या वाड्यांना नोटिसा बजावते. पावसाळ्यात त्यांतील काही ढासळतात. उरलेल्यांना पुढील वर्षी पुन्हा तीच नोटीस मिळते. नाशिकरोडच्या वाचकाने हा प्रश्न परगावचा मानू नये. १९८२ साली महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा नाशिकरोड-देवळालीची नगरपालिका तीत विलीन झाली. गोदाकाठच्या वाड्यांची जबाबदारी तेव्हापासून आपलीही आहे.

हे वाडे सुटे उभे नाहीत. ते रांगेने उभे आहेत. काळ्या दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, आणि मधली जागा मातीत रचलेल्या विटांनी भरलेली, अशी त्यांची घडण. भार लाकडाच्या सांगाड्यावर असतो. पण शेजारच्या दोन वाड्यांमधील भिंत बहुधा सामाईक असते आणि दोन्ही घरे तिला आधार देतात. एक घर उतरविले की आजवर पावसाचा थेंब न पाहिलेली ती भिंत उघडी पडते. माती वाहून जाते, तुळईचे टोक कुजते, आणि सुस्थितीतले दुसरे घरही कलते. गोदेच्या पुराचे पाणी २००८, २०१६ आणि २०१९ साली सराफ बाजारापर्यंत चढले, तेव्हा जोत्यांचीही परीक्षा झाली. धोका असा साऱ्या रांगेला, नोटीस मात्र एका घरक्रमांकाला! आमच्या मते दोष येथेच आहे.

मालक दुरुस्ती का करीत नाही आणि भाडेकरू घर का सोडीत नाही, हेही उघड आहे. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली. टंचाईच्या त्या काळात गरिबाला तो मोठाच आधार होता. पुढे १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. पण दहा रुपये भाड्यावर ती चाळीस पैसे होते. तेवढ्यात कौलेही बदलत नाहीत. भाडेकरूला भीती ही, की एकदा बाहेर पडलो तर हक्क बुडाला. दोघांचीही बाजू समजण्याजोगी आहे. म्हणूनच त्यांना आपसांत झगडत सोडून प्रशासनाला मोकळे होता येणार नाही.

मुंबईने १९६९ साली कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर बसविला व दुरुस्ती मंडळ नेमले. त्या मंडळाचा कारभार निर्दोष नव्हे. तथापि दुरुस्ती ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हे तत्त्व तेथे मान्य झाले. नाशिकच्या वाड्यांना तेवढाही आसरा नाही. पेशवाईतील सरकारवाडा संरक्षित झाला, हे योग्यच. परंतु भोवतालच्या आळ्या नाहीशा झाल्यावर त्या एकट्या वास्तूने कोणत्या नगराची साक्ष द्यावी?

पाहणी घरवार न होता आळीवार व्हावी. भाडेकरूस बाहेर काढण्यापूर्वी त्याच्या जागेचे मोजमाप करून हक्काचा लेखी दाखला त्याच्या हाती द्यावा. वाडा उतरवायचा तर उन्हाळ्यात, आणि शेजारच्या भिंतीस टेकू व आच्छादन दिल्याशिवाय नव्हे. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाट व रस्ते सजविताना, यात्रेकरू ज्या आळ्यांतून जातील त्यांच्या डागडुजीसाठीही त्या खर्चात तरतूद हवी. नोटिशीचा कागद भिंतीला चिकटवता येतो. त्याने भिंत तोलली जात नाही.