विश्लेषण : लाखाचे स्पीकर, कौलारू घर आणि समुद्राची गाज… महागड्या ‘हाय-फाय’ची किंमत वसूल होते का?

गणपतीला मुंबईहून मालवण तालुक्यातील तोंडवलीला निघालेल्या चाकरमान्यांच्या गाडीत आता अनेकदा स्पीकरचे खोकेही असते. घरची आरती, भजन, जुनी नाट्यगीते चांगली ऐकू यावीत, एवढीच अपेक्षा. पण दुकानात काही हजारांपासून काही लाखांपर्यंत जोड्या मांडलेल्या असतात. दहापट पैसे मोजले तर आवाज दहापट चांगला होतो का?

पैसे नेमके कशाचे?

स्पीकरचे मुख्य भाग तीन : ध्वनी निर्माण करणारे ड्रायव्हर, त्यांच्यात उंच व खर्जातले स्वर वाटून देणारे क्रॉसओव्हर सर्किट आणि खोके. खोके स्वतः थरथरले तर आवाजात भर घालते. म्हणून जाड, आतून आधार दिलेले खोके महाग पडते. इथपर्यंतचा खर्च कानाला जाणवतो. त्यापुढची वाढ बरीचशी लाकडी मुलामा, आयात शुल्क, विक्रेत्याचा नफा आणि नाममुद्रेची असते.

डोळे झाकून ऐकल्यावर काय होते?

फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये ४० श्रोत्यांना चार स्पीकर ऐकवले. एकदा दाखवून, एकदा पडद्याआड ठेवून. स्पीकर दिसत असताना मोठ्या, महागड्या जोड्यांना जास्त गुण मिळाले आणि छोट्या, स्वस्त संचाचे गुण घसरले. पडद्याआड हा फरक बराच कमी झाला. खोलीतली जागा बदलल्याने होणारा परिणामही श्रोत्यांना पडद्याआड अधिक नेमका टिपता आला. याचा अर्थ सगळे स्पीकर सारखेच, असा नाही. सर्व स्वर समतोल देणारा स्पीकर लोक न पाहताही निवडतात. मात्र तो समतोल किमतीच्या पाटीवरून कळत नाही.

खोलीचा वाटा किती?

साडेतीन मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४९ हर्ट्झचा खर्ज भिंतींमध्ये आपटून घुमतो. एका कोपऱ्यात ढोलकीचा धुमारा कानठळ्या बसवतो, तर खोलीच्या मध्यभागी तोच क्षीण होतो. लाखाचा स्पीकरही हे भौतिकशास्त्र बदलू शकत नाही. गिलावा केलेल्या भिंती आणि गुळगुळीत लाद्यांवरून आवाज उसळतो. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचे कपाट यांनी तो आटोक्यात येतो. स्पीकर भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे सरकवायला तर काहीच खर्च नाही.

समुद्राकाठी वेगळे काय?

तोंडवली-तळाशीलला एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. उघड्या खिडकीतून येणारी गाज ४० डेसिबल आणि गाण्यातला सर्वांत मोठा स्वर ८५ डेसिबल धरला, तर मधे उरतात ४५ डेसिबल. सीडीची क्षमता सुमारे ९६ डेसिबलची असते. म्हणजे अतिसूक्ष्म तपशिलासाठी मोजलेले पैसे इथे लाटांखाली जातात.

दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा. खारी हवा तांब्याच्या जोडण्यांवर हिरवट थर चढवते, दमटपणाने कागदी पडदा ओलावा धरतो आणि त्याभोवतीची फोमची कडा काही वर्षांत भुगा होते. रबरी कडा आणि प्लास्टिकचा पडदा इथे अधिक तग धरतो.

वॅट आणि केबलचे काय?

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पाच मीटर अंतरावर नेली, तर जाऊन-येऊन रोध सुमारे ०.१२ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरवर घट जेमतेम ०.१३ डेसिबल. तेव्हा केबलवर हजारो रुपये घालण्यात हशील नाही.

शिवाय कौलांच्या फटींतून आवाज सहज बाहेर जातो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खासगी यंत्रणेचा आवाज कुंपणापाशी या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक असू नये. मोठी ताकद विकत घेऊन वापरायची कुठे, हा प्रश्न उरतोच.

मग घ्यावे काय?

अगदी स्वस्त संचाकडून मध्यम दर्जाच्या जोडीकडे जाताना फरक ठळक जाणवतो. त्यानंतर प्रत्येक वाढीव रुपया कमी-कमी देतो. दुकानात रोजच्या ऐकण्यातली दोन गाणी घेऊन जा. दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा ठेवायला सांगा, कारण जरासा मोठा आवाजही ‘चांगला’ भासतो. मग डोळे मिटा आणि कोणती जोडी वाजते आहे हे सोबतच्या माणसाला सांगू देऊ नका. तरीही महागडीच आवडली आणि खिसा परवानगी देत असेल, तर घ्यावी. फरक सांगता आला नाही, तर उरलेल्या पैशांत खोलीचे पडदे होतील आणि भजनाच्या पेटीची डागडुजीही.